फॅफ्सावर आईचं नाव की बाबांचं?

अमेरिकेतल्या काही खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवण्यासह एका वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. एवढे पैसे रोख मोजणारी घरं थोडीच. बाकीच्यांना फायनान्शियल एडचा, म्हणजे आर्थिक मदतीचा, अर्ज भरावा लागतो. मूल अजून स्वतःच्या पायावर उभं नाही असं धरून हा अर्ज सुरुवातीलाच पालकांची माहिती मागतो. आई-वडील एकत्र असतील तर काम सोपं. पण ते वेगळे राहत असतील, घटस्फोटाचा दावा कोर्टात असेल, बाबांनी दुसरं लग्न केलेलं असेल, किंवा दोघं एकाच छपराखाली अबोला धरून बसले असतील, तर इथेच गाडी अडते. सतरा वर्षांचं मूल स्क्रीनसमोर बसून विचारतं, "कोणाचं नाव टाकू?" आणि घरात कोणालाच नीट सांगता येत नाही.

आपल्या मंडळींत घटस्फोटाबद्दल अजूनही दबक्या आवाजात बोललं जातं, त्यामुळे ऐकीव माहितीच जास्त फिरते. "कोर्टाने ताबा ज्याला दिला त्याने भरायचं." "टॅक्स रिटर्नवर मूल ज्याने दाखवलं त्याने भरायचं." यातली पहिली गोष्ट पूर्वी अर्धीमुर्धी खरी होती. दुसरी कधीच खरी नव्हती.

अर्ज एक नाही, दोन आहेत

पहिला अर्ज फॅफ्सा. हा केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा अर्ज आहे. तो स्टुडंटएड डॉट गव्ह या संकेतस्थळावर भरायचा आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत), सरकारी कर्जं, कॅम्पसवरची वर्क-स्टडीची कामं आणि बऱ्याच राज्यांच्या स्वतःच्या योजना या अर्जावर चालतात. अर्जातून शेवटी एक आकडा निघतो. त्याला स्टुडंट एड इंडेक्स म्हणतात, आणि तो जितका कमी तितकी मदतीची पात्रता जास्त. तो शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो.

दुसरा अर्ज सीएसएस प्रोफाइल. तो कॉलेज बोर्ड चालवतं, सॅट ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा घेणारी हीच संस्था. बहुतेक नामांकित खासगी कॉलेजं आणि काही सरकारी विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतले पैसे वाटण्यासाठी हा अर्ज मागतात. त्याला पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर पडतात. घरचं उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल तर फी माफ असते.

विभक्त कुटुंबाच्या दृष्टीने सगळा घोळ या दोन अर्जांच्या फरकात आहे. फॅफ्सा एकाच पालकाचं घर बघतो. सीएसएस वापरणारी बरीच कॉलेजं म्हणतात, तुमचं आपसात पटो न पटो, मूल दोघांचं आहे, तेव्हा दोघांचीही माहिती द्या. त्यामुळे एकाच मुलीला एका कॉलेजात भरघोस मदत आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, असंही होतं. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमांनुसार बरोबर असतात.

पुढे जाण्याआधी व्हिसाबद्दल. सरकारी मदत मिळायला विद्यार्थी अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा कायद्याने पात्र ठरवलेल्या आणखी काही गटांतला असावा लागतो. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असलेल्या मुलाला ती मिळत नाही. पालकांचा व्हिसा कोणता, याने मात्र मुलाच्या पात्रतेत काही फरक पडत नाही. आई एच-१बी वर आणि मुलगा इथे जन्मलेला, म्हणजे नागरिक, असेल तर त्याने खुशाल अर्ज करावा.

फॅफ्सा विचारतो: पैसा कोणाच्या खिशातून गेला?

जुना नियम असा होता की गेल्या बारा महिन्यांत मूल ज्या पालकाकडे जास्त रात्री राहिलं, त्याची माहिती भरायची. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, फॅफ्सा सोपा करण्याचा कायदा केला आणि २०२४–२५ च्या अर्जापासून हा नियम बदलला. आता अर्ज भरण्याच्या दिवसापासून मागच्या बारा महिन्यांत ज्या पालकाने मुलाला जास्त आर्थिक आधार दिला, त्याचं नाव लागतं. कोर्टाच्या हुकमात ताबा कोणाचा लिहिलाय, आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या कर खात्याच्या, रिटर्नवर मूल कोणी दाखवलंय, शाळेच्या दप्तरी कोणाचा पत्ता आहे, यातलं काहीही इथे विचारात घेतलं जात नाही.

आधार म्हणजे नुसते रोख पैसे नव्हेत. राहायची जागा, जेवणखाण, कपडे, गाडीचा हप्ता आणि गाडीचे इतर खर्च, डॉक्टर, दातांचे उपचार, भेटवस्तू, उसने दिलेले पैसे, कॉलेजचा खर्च, सगळं यात येतं.

एक उदाहरण घेऊ. मुलगी आईकडे राहते. आईचं वर्षाचं उत्पन्न ४२,००० डॉलर, वडिलांचं १,६०,०००. बारा महिन्यांत आईने भाड्यातला मुलीचा वाटा, किराणा, कपडे, वीज-पाणी मिळून ९,५०० डॉलर खर्च केले. वडिलांनी थेट भरलं ते असं: गाडीचा हप्ता आणि विमा ५,२००, आरोग्य विमा १,८००, ब्रेसेस २,९००, उन्हाळी कोर्स २,४००. बेरीज १२,३००. जुन्या नियमाने फॅफ्सावर आई आली असती. नव्या नियमाने वडील येतात.

हा फरक किरकोळ नाही. एकट्या पालकासाठी पूर्ण पेल ग्रँटची उत्पन्नमर्यादा केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्के आहे, आणि दोन माणसांच्या घरात ४२,००० डॉलर त्या मर्यादेत बसतात. म्हणजे आईचं नाव असतं तर २०२५–२६ च्या हिशेबाने पूर्ण पेल, ७,३९५ डॉलर, हाताशी आले असते. वडिलांचं नाव लागलं की ते गेले. वर मुलगी आईकडेच राहते, आणि वडील "कॉलेजचं मी काही कबूल केलेलं नाही" म्हणायला मोकळे. तत्त्व म्हणून हा नियम मला जुन्यापेक्षा रास्त वाटतो. पूर्वी नुसत्या रात्री मोजून श्रीमंत पालक हिशेबाबाहेर राहायचा. पण वर लिहिल्यासारख्या घरात तो अगदी चुकीच्या माणसाला चटका देतो.

दोघांचा खर्च समसमान निघाला, किंवा दोघांपैकी कोणीच आधार देत नसेल, तर ज्याचं उत्पन्न आणि मालमत्ता जास्त त्याचं नाव. म्हणजे ५०-५० ताबा आणि ५०-५० खर्च असेल तर जास्त कमावणारा आपोआप फॅफ्सावर येतो. स्टुडंटएड डॉट गव्हवर प्रश्नोत्तरांचं एक छोटं साधन आहे, ते शेवटी कोणाचं नाव लावायचं ते सांगतं. अर्ज उघडण्याआधी तिथे पाच मिनिटं घालवा.

"मग कमी कमावणाऱ्याचंच नाव टाकलं तर कोणाला कळतंय?"

हा प्रश्न उघडपणे कोणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो. कॉलेज पडताळणी करू शकतं आणि करतंही. भाडेकरार, विजेची बिलं, वकिलाचं पत्र मागू शकतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही होऊ शकतं. सही मुलाचीही असते, हे विसरू नका. आई-वडिलांच्या चतुराईपायी अठरा वर्षांच्या पोराच्या माथी खोटेपणा मारण्यात काय हशील?

खरा हिशेब मांडून ठेवणं मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे आणि शहाणपणाचंही. अर्ज साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, त्याआधीच्या बारा महिन्यांचा खर्च दोन्ही बाजूंनी एका साध्या तक्त्यात लिहून ठेवा. आईने भरलेल्या भाड्याला बऱ्याच जणी खर्चात धरतच नाहीत, "ते तर मी तसंही भरलंच असतं" म्हणून सोडून देतात. मुलीच्या खोलीचा वाटा हाही तिला दिलेला आधारच. आकडे अगदी जवळजवळ आले, किंवा एखादी रक्कम कोणाच्या बाजूला धरायची कळेना, तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

"आम्ही एकाच घरात राहतो, पण नवरा-बायको म्हणून नाही"

घराचं कर्ज, मुलांची शाळा, कधी व्हिसा, कधी लोकलाज. कारणं काही असोत, मनाने वेगळी झालेली कितीतरी जोडपी एकाच पत्त्यावर राहतात. एक तळमजल्यावर, दुसरं वर. फॅफ्साला हे मजले दिसत नाहीत. एकत्र राहत असाल तर तुम्ही वेगळे झालेले धरले जात नाही, आणि दोघांची माहिती द्यावी लागते. कोर्टाने रीतसर घटस्फोट दिलेला आहे, तरीही दोघं एकाच घरात आहेत, अशा वेळीसुद्धा दोघंही अर्जात येतात.

याची दुसरी बाजू ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. वेगळं धरलं जायला कोर्टाचा हुकूम लागत नाही. दोघं खरोखर वेगवेगळ्या घरात राहू लागले आणि आपण विभक्त आहोत असं मानतात, एवढं पुरे. दावा दाखल झाला नसला तरी चालतं. कॉलेजने पुरावा मागितला तर वेगळ्या पत्त्याची बिलं, भाड्याच्या पावत्या, कधी ओळखीच्या त्रयस्थ व्यक्तीचं पत्र उपयोगी पडतं.

आजचं घर, दोन वर्षांपूर्वीचा फोटो

फॅफ्सामधली सगळ्यात गोंधळाची जागा ही. पालकांची वैवाहिक स्थिती अर्ज भरता त्या दिवसाची लिहायची. उत्पन्न मात्र दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स वर्षाचं घेतलं जातं. २०२६–२७ च्या अर्जासाठी २०२४ चं. आता २०२४ मध्ये दोघांनी जॉइंट रिटर्न भरलं असेल आणि २०२५ मध्ये ते वेगळे झाले असतील, तर अर्जासमोर जुना जोडीचा फोटो येतो आणि त्यातून एकालाच कापून काढायचं असतं.

समजा त्या रिटर्नवर एकत्र उत्पन्न २,१०,००० डॉलर आहे. फॅफ्सावर आईचं नाव येणार आहे. तिने २,१०,००० लिहायचे नाहीत. स्वतःचा डब्ल्यू-२ काढायचा, म्हणजे मालकाने दिलेला वर्षभराच्या पगाराचा कागद, त्यावरचे समजा ६८,००० घ्यायचे. दोघांच्या संयुक्त खात्यावर ८०० डॉलर व्याज आलं असेल तर त्यातले तिचे ४००. भरलेल्या करातलाही तिचा वाटा वेगळा काढावा लागतो. एरवी आयआरएसकडून आकडे परस्पर अर्जात येतात, पण अशा प्रसंगी स्थिती जुळत नसल्याने ते हाताने भरावे लागतात. तरीही आयआरएसकडून माहिती घेण्याची संमती प्रत्येकाने द्यावीच लागते. ती दिली नाही तर मूल सरकारी मदतीला अपात्र ठरतं. "मी सगळं हाताने भरतोय, मग संमती कशाला" असा वाद घालून उपयोग नाही.

ज्याची माहिती अर्जात लागते त्या प्रत्येकाला फॅफ्सा कॉन्ट्रिब्यूटर म्हणतो. या शब्दाला लोक उगाच घाबरतात. कॉन्ट्रिब्यूटर म्हणून सही केली म्हणजे फी भरायची हमी दिली, असं अजिबात होत नाही. प्रत्येक कॉन्ट्रिब्यूटरला आपलं वेगळं खातं उघडावं लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही ते उघडता येतं, भारतात परतलेल्या वडिलांनासुद्धा. आयआरएसकडून आलेले आकडे मुलाला दिसत नाहीत, त्यामुळे "मुलामार्फत तिला माझा पगार कळेल" ही भीतीही तेवढी खरी नाही.

मालमत्तेचं बघू. संयुक्त खातं असेल तर त्यातला आपला हिस्सा लिहायचा, वाटणी झालेली नसेल तर सहसा निम्मा. राहतं घर आणि निवृत्तीची खाती, म्हणजे ४०१के, आयआरए वगैरे, फॅफ्सामध्ये मोजली जात नाहीत. दुसरं घर मोजलं जातं, मग ते भारतात असलं तरी. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट "तो काय इथला नाही" म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. अर्ज तसं मानत नाही.

पोटगी, वाटणीचा चेक आणि ५२९

मुलासाठी मिळालेली पोटगी पूर्वी उत्पन्नात धरली जायची. २०२४–२५ पासून ती मालमत्तेच्या रकान्यात गेली आहे. मागच्या पूर्ण कॅलेंडर वर्षात मिळालेली रक्कम तिथे लिहायची. हे घेणाऱ्याच्या फायद्याचं आहे, कारण पालकांच्या मालमत्तेतला जास्तीत जास्त ५.६४ टक्के भागच कॉलेजच्या खर्चासाठी उपलब्ध धरला जातो. उत्पन्नावरची टक्केवारी त्याच्या कितीतरी पट असते. दिलेली पोटगी मात्र आता देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि फॅफ्सावर आलेल्या वडिलांना हे चांगलंच लागतं.

जोडीदाराला मिळणारी पोटगी, म्हणजे ॲलिमनी, वेगळी. २०१८ नंतर झालेल्या घटस्फोटांमध्ये केंद्रीय कायद्याने ती घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न नाही आणि देणाऱ्याला वजावटही नाही, त्यामुळे टॅक्स रिटर्नवर ती दिसतच नाही. सीएसएस प्रोफाइल मात्र तिच्याबद्दल स्वतंत्रपणे विचारतो.

घटस्फोटाच्या वाटणीत एकरकमी पैसे मिळाले आणि अर्जाच्या दिवशी ते बँकेत पडून असतील, तर ती मालमत्ता झाली. १,००,००० डॉलर असतील तर त्यापोटी इंडेक्स जास्तीत जास्त ५,६४० ने वाढतो. तेच पैसे कोर्टाच्या हुकमाने एका निवृत्ती खात्यातून दुसऱ्यात गेले असतील तर फॅफ्साच्या हिशेबात येत नाहीत. हे वाटणी ठरण्याआधी वकिलाशी बोलण्यासारखं आहे. नंतर फार उशीर झालेला असतो.

५२९ म्हणजे कॉलेजसाठीचं करसवलतीचं बचत खातं. फॅफ्सावर नसलेल्या पालकाच्या नावावर ते असेल तर त्याची रक्कम अर्जात लिहायची नसते, आणि २०२४–२५ पासून त्यातून काढलेले पैसे मुलाचं उत्पन्न म्हणूनही धरले जात नाहीत. सीएसएस वापरणारी कॉलेजं त्याबद्दल विचारू शकतात.

सावत्र पालक

ज्याचं नाव फॅफ्सावर आहे त्याने अर्जाच्या दिवसापूर्वी पुन्हा लग्न केलं असेल तर नव्या जोडीदाराचं उत्पन्नही मोजलं जातं. "माझे पैसे आणि त्याच्या मुलांचं कॉलेज यांचा संबंध नाही, आम्ही लग्नाआधी तसा करार केलाय," हे फॅफ्साला मान्य नाही. लग्न न करता सोबत राहणारा जोडीदार मात्र त्यात येत नाही. तारखेला किती किंमत आहे बघा: सप्टेंबरात रजिस्टर लग्न केलं तर एक हिशेब, अर्ज भरून झाल्यावर केलं तर दुसरा. कोणी लग्न कधी करावं हे मी सांगणार नाही, पण हा फरक माहीत नसताना तारीख ठरवू नये.

सीएसएस प्रोफाइल: इथे दोघांना बोलावणं येतं

सीएसएसमध्ये प्रत्येक पालकाचं घर आपापला अर्ज वेगळ्या खात्यातून भरतं. एकाने काय लिहिलं ते दुसऱ्याला दिसत नाही. मूल ज्याच्याकडे राहत नाही त्या पालकाची माहिती हवी की नको, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. हार्वर्ड, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी दोघांचीही मागतात. काही कॉलेजं मागत नाहीत. अर्ज कुठे करायचे याची यादी ठरतानाच त्यात एक रकाना वाढवा: दुसऱ्या पालकाची माहिती लागते का? कॉलेजच्या फायनान्शियल एडच्या पानावर हे लिहिलेलं असतं.

सीएसएस फॅफ्सापेक्षा खोलात जातो. राहत्या घराची किंमत, धंदा, वैद्यकीय खर्च, लहान भावंडांच्या शाळेची फी, सगळं विचारतो. राहत्या घराचं काय करायचं हेही कॉलेजागणिक बदलतं, कोणी ते मोजतं, कोणी मर्यादा घालून मोजतं, कोणी सोडून देतं.

आणखी एक सापळा. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता अंदाजे किती पडेल ते सांगणारं साधन, असतो, २०११ पासून तो ठेवणं बंधनकारक आहे. विभक्त कुटुंबासाठी त्याचा आकडा पुष्कळदा फसवा निघतो, कारण तो एकाच घराची माहिती घेतो. आईने स्वतःचे ४२,००० टाकून "वर्षाला फक्त आठ हजार पडतील" असं वाचलं, आणि एप्रिलमध्ये वडिलांचं उत्पन्न धरून पत्र आलं, की घरात रडारड. कॅल्क्युलेटर चालवायचाच तर दोघांची बेरीज टाकूनही एकदा बघा.

"कोर्टाच्या कागदावर लिहिलंय की कॉलेजचा खर्च त्यांच्यावर नाही"

असेल. पण तो करार आई आणि वडील यांच्यातला आहे, कॉलेजची त्यावर सही नाही. सीएसएस वापरणारी कॉलेजं म्हणतात की देण्याची ऐपत कोणाची हे आम्ही बघतो, कोण राजी आहे हे नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. नुसत्या नकारावर मदत द्यायची ठरली तर उद्या प्रत्येक श्रीमंत बाप नकार लिहून देईल.

राज्यांचे कायदे इथे कामी येऊ शकतात. न्यू जर्सी, इलिनॉयसारख्या काही राज्यांत घटस्फोटित पालकांनी मुलाच्या कॉलेजखर्चात वाटा उचलावा असा हुकूम कोर्ट देऊ शकतं. न्यू जर्सीत याचा पाया १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अरिगो या निकालाने घातला. बऱ्याच राज्यांत अशी सोय नाही, तिथे मुलाची पोटगी अठरा-एकोणिसाव्या वर्षी संपते आणि कॉलेज त्यानंतर सुरू होतं.

दुसऱ्या पालकाने हात वर केले तर?

संपर्कच तुटलाय, मारहाणीचा इतिहास आहे, कोर्टाने भेटायला मनाई केली आहे, पत्ता ठाऊक नाही, अशा परिस्थितीत सीएसएस कॉलेजांकडे दुसऱ्या पालकाच्या माहितीतून सूट मागता येते. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. सोबत शाळेचा काउन्सेलर, समाजसेवक, डॉक्टर, धर्मगुरू अशा घरची हकीकत जाणणाऱ्या त्रयस्थाचं पत्र जोडावं लागतं. नातेवाइकांच्या पत्राला तेवढं वजन नसतं. प्रत्येक कॉलेज स्वतंत्र निर्णय घेतं, त्यामुळे एकाने सूट दिली म्हणून दुसरं देईलच असं नाही. "त्यांना भरायचं नाही" किंवा "विचारायला अवघड वाटतं" ही कारणं चालत नाहीत.

फॅफ्सावर ज्याचं नाव लागायला हवं त्यानेच माहिती द्यायला नकार दिला तर प्रकरण आणखी बिकट. पालकाचा नकार म्हणजे मूल स्वावलंबी ठरलं, असं होत नाही. चोविसाव्या वर्षापर्यंत, लग्न झालेलं नसेल, सैन्यात नसेल, स्वतःचं मूल नसेल, तर मूल पालकांवर अवलंबून आहे असंच सरकार धरतं. एड ऑफिसला नकाराची खात्री पटली तर पहिल्या वर्षी फार तर ५,५०० डॉलरचं, व्याज पहिल्या दिवसापासून चालू असलेलं सरकारी कर्ज मिळू शकतं. पेल नाही. पालकांनी टाकून दिलं, अत्याचार झाले, संबंध पूर्ण तुटले, अशा वेळी मात्र अर्जातच तसं नोंदवता येतं आणि कॉलेज मुलाला स्वावलंबी ठरवू शकतं. 

अशा मुलांनी फक्त फॅफ्सा मागणारी आपल्या राज्यातली सरकारी विद्यापीठं आणि गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं यादीत ठेवावीतच. गुणवत्तेची शिष्यवृत्ती सहसा वडिलांचा पगार विचारत नाही.

अर्ज गेल्यावर घर मोडलं तर

ऑक्टोबरात दोघं एकत्र होते, अर्ज गेला, फेब्रुवारीत वडील वेगळे राहायला गेले. पाठवलेल्या अर्जात पालकांची वैवाहिक स्थिती नंतर बदलता येत नाही. पण कायद्याने एड ऑफिसला विवेकाधिकार दिला आहे. प्रोफेशनल जजमेंट या नावाने तो मागायचा. नोकरी गेली, घर दुभंगलं, मोठं आजारपण आलं, अशा बदलांसाठी अधिकारी आकडे बदलू शकतो. सोबत वेगळ्या पत्त्याचा पुरावा, दोघांच्या अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि नेमकं काय, कधी झालं याचं एक पान लिहून द्या. एका पानापेक्षा जास्त नको. नवऱ्याने काय काय केलं याची कहाणी त्यात नसावी, तारखा आणि आकडे असावेत. पत्र वाचणारी व्यक्ती त्या दिवशी अशी आणखी पत्रं वाचत असते.

कमी पडलेल्या रकमेसाठी पॅरेंट प्लस हे सरकारी कर्ज फॅफ्सावर नाव नसलेल्या सख्ख्या पालकालाही काढता येतं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी त्यावर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे. पूर्वी उरलेला सगळा खर्च त्यातून भागवता यायचा, तो मार्ग आता बंद.

समझोत्याचा मसुदा अजून सही व्हायचा असेल तर

मुलं लहान असताना घटस्फोट होतो तेव्हा वकील "कॉलेजचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा" असं एक वाक्य टाकतात आणि पुढे जातात. निम्मा कशाचा? छापील फीचा की मदत वजा जाऊन उरलेल्या रकमेचा? राज्यातल्या सरकारी विद्यापीठाच्या दराने की मुलाला हव्या त्या खासगी कॉलेजच्या? ५२९ खात्यातले पैसे आधी वापरायचे की एका बाजूच्या वाट्यात धरायचे, आणि त्या खात्यातून दुसऱ्याला न विचारता पैसे काढता येतील का? हे सगळं लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं कलम साधं आहे आणि बहुतेक करारांत नसतं: फॅफ्सा असो की सीएसएस, कॉलेज मागेल ती माहिती दोन्ही पालक मुदतीच्या आत थेट भरतील, खर्चाचा वाटा काहीही ठरलेला असो. पैसे द्यायला तयार नसलेला माणूसही या कलमावर बऱ्याचदा सही करतो, कारण त्यात त्याच्या खिशाला हात लागत नाही.

मुदती मात्र कोणासाठी थांबत नाहीत. सीएसएस प्रोफाइल १ ऑक्टोबरला उघडतो आणि अर्ली डिसिजनवाली, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं कबूल करून लवकर अर्ज करायची सोय असलेली, काही कॉलेजं तो नोव्हेंबरातच मागतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांची स्वतःची मुदत एरवी २ मार्चला संपते. दुसऱ्या पालकाला पहिली आठवण ऑगस्टमध्ये पाठवा, लेखी, आणि सोबत हव्या असलेल्या कागदांची यादी जोडा: त्या वर्षाचं रिटर्न, डब्ल्यू-२, बँकेची शिल्लक, घराच्या कर्जाचं ताजं स्टेटमेंट.